आभाळ भरून आलं की छातीत धडधड का होते?

आडसाली उसाची लागण सुरू आहे, पावसाची वाट बघतोय. आणि तोच पाऊस दोन दिवस सलग लागला की आपल्यातल्या कितीतरी जणींची झोप उडते. आज त्याबद्दलच बोलू.

आमच्या गटातल्या एक ताई जुलै लागला की रेशनकार्ड, पासबुक, सातबारा पिशवीत भरून खुंटीला अडकवतात. रात्री दोन-तीनदा उठून ती पिशवी चाचपतात. घरातली माणसं हसतात. आम्हाला मात्र हसू येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, आपल्या तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोटच उलटली. बायका, लेकरं गेली. पुढं जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा घरात आलं. एवढं पाहिलेल्या बाईला पावसाची भीती वाटते, यात वेडेपणा कसला?

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसंच हे आहे. संकटात जे जे भोवती होतं, पत्र्यावरचा पाऊस, चिखलाचा वास, भोंगा, ते सगळं मन धोक्याची खूण म्हणून धरून ठेवतं. पुढं नुसती खूण दिसली तरी आपण विचार करायच्या आत छाती धडधडते, हातपाय गार पडतात. म्हणून “विसर आता, काळजी करू नकोस” म्हणून काही होत नाही. याच कार्यक्रमात आम्हीही पूर्वी असं म्हटलंय. चुकलंच आमचं. धडधड वाढली की श्वास हळू सोडावा, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून. शरीर थोडं शांत होतं.

पण भीती वेगळी, काळजी वेगळी. भीती समोरच्या पाण्याची असते, काळजी न आलेल्या पाण्याची. “पूर येईल का?” या प्रश्नाला रात्री दोन वाजता उत्तर नाही, म्हणून तो फिरून फिरून येतो. “पाणी आत्ता किती फुटांवर आहे? कोयनेतून किती सोडलंय?” याला उत्तर आहे. पाऊस आपल्या हातात नाही, धरणाचे दरवाजेही नाहीत. आपली खूण ठरवणं हातात आहे. कुणाची खूण पूल, कुणाची देवळाची पायरी. पाणी तिथं आलं की जनावरं कुठं न्यायची, म्हाताऱ्या माणसांना कोण उचलणार, हे दिवसाउजेडी, सगळ्यांनी बसून ठरवायचं. गावात सूचना आली तर मात्र खुणेची वाट बघायची नाही, निघायचं.

आता पिशवीचं. पिशवी भरणं शहाणपणाचंच आहे. पण रात्री उठून चाचपली की घटकाभर बरं वाटतं आणि मन शिकतं, चाचपलं म्हणूनच वाचलो. मग पुन्हा उठावंसं वाटतं. म्हणून ताईंनी ठरवलं, झोपताना एकदा बघायचं, बास.

टाळण्याचंही तसंच. पुरानंतर एक जण घाटावर येईचना. कृष्णामाईच परकी झाली म्हणायची. मार्गशीर्षात, पाणी उतरलेलं असताना, आम्ही तिला औदुंबरला नेलं. पहिल्या खेपेला ती देवळातच बसली. दुसऱ्या खेपेला वरच्या पायरीवर. ओढलं कुणी नाही.

महिना उलटूनही झोप नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो, असं असेल तर ते गटात बोलून भागणारं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. रात्री-अपरात्री लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन लावायला अवघड वाटलं तर आशाताईंना सोबत घ्या.

पिशवीवाल्या ताई परवा भेटल्या. पिशवी खुंटीलाच आहे. आता रात्री उठून चाचपत नाहीत. पहाटे जाग मात्र अजून येते म्हणाल्या, पण आता चूल पेटवून चहाच टाकतात.