काफ्का, कीर्द आणि वरुडचा संत्रा

बडनेऱ्याच्या किंवा शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघून हिंजवडीला लागलेल्या पोराला ‘इव्हेंट ड्रिव्हन मायक्रोसर्व्हिसेस’ म्हणजे काय ते विचारा. आधी उसासा टाकेल, मग सांगेल: एक अवाढव्य प्रोग्राम न लिहिता त्याचे छोटे, स्वतंत्र भाग करायचे. त्यांनी एकमेकांना हुकूम सोडायचे नाहीत, ‘अमुक घडलं’ एवढंच जाहीर करायचं. ज्याला गरज, तो ऐकेल.

असे जाहीर केलेले मेसेज साठवून पोचवणाऱ्या प्रणालींमधलं सगळ्यात गाजलेलं नाव काफ्का. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, जुन राव आणि आपल्या पुण्याच्या नेहा नारखेडे यांनी ते घडवलं आणि २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. क्रेप्सना फ्रान्झ काफ्का आवडायचा. ही प्रणाली नोंदी लिहिण्यात तरबेज, म्हणून लेखकाचं नाव! रात्री तीनला हरवलेला मेसेज शोधत बसणाऱ्याला ते फारच चपखल वाटतं.

त्याच्याही कितीतरी आधी मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे वॉल स्ट्रीटवर पोचले होते. १९८० च्या दशकात त्यांनी ‘इन्फर्मेशन बस’ काढली. दलालाने हव्या त्या शेअरची जणू वर्गणी लावायची. भाव हलला की आकडा आपोआप पडद्यावर. पुढे त्यांच्या टिब्को कंपनीचं नावही ‘द इन्फर्मेशन बस कंपनी’वरूनच आलं.

काफ्काचं खरं मर्म मात्र अकोल्याच्या अडत्याला चटकन कळेल. तुरीचे दहा क्विंटल चुकून बारा लिहिले गेले, तर जुना मुनीम कीर्दीत खाडाखोड करत नाही, उलटी नोंद टाकतो. कीर्द शाबूत असली की खतावणी केव्हाही नव्याने मांडता येते. काफ्काही नोंदी फक्त शेवटी जोडत जातो. कुणी वाचला म्हणून मेसेज नाहीसा होत नाही. मूळ सेटिंगनुसार सात दिवस टिकतो. कुठवर वाचलं, ती खूण वाचणाऱ्याने ठेवायची.

गोम एकच: काफ्का नोंदी वेगवेगळ्या वह्यांत, म्हणजे पार्टिशनमध्ये, वाटतो आणि क्रमाची हमी फक्त एका पार्टिशनपुरती. एकाच शेतकऱ्याच्या नोंदी दोन पार्टिशनमध्ये विखुरल्या, तर चुकारा आधी आणि काटापट्टी नंतर, असला चमत्कार घडू शकतो. तोच मेसेज दोनदाही येऊ शकतो. म्हणून प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक हवाच, नाहीतर पैसे दोनदा.

अर्ध्यात फसलेला व्यवहार पावलापावलाने उलटवायची ‘सागा’ ही युक्ती गार्सिया-मोलिना आणि सालेम यांच्या १९८७ च्या निबंधातली. ‘मायक्रोसर्व्हिसेस’ हा शब्द २०११ मध्ये व्हेनिसजवळच्या एका कार्यशाळेत चर्चेत आला. जावावाल्यांना आज या कामासाठी स्प्रिंग क्लाउड स्ट्रीम किंवा ॲक्सॉनसारखी चौकट आयती मिळते, पण दुहेरी मेसेजची डोकेदुखी काही टळत नाही.

घडलं की हलायचं, हे तत्त्व वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला पाठ आहे. हवामान आधारित फळपीक विम्यात नुकसान झाडावर मोजत नाहीत. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राने पाऊस किंवा तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे नोंदवलं की भरपाई लागू होते. (खात्यात कधी पडते, तो विषय वेगळा.) पण केंद्र एका जागी आणि वावर कोसभर दूर. आंबिया बहर गळून खाली सडा पडला, तरी केंद्रावरचा आकडा मर्यादेच्या आत असेल तर काहीच हलत नाही. गावोगावी केंद्रं बसवा, ही मागणी त्यातूनच आली.