गाडीचं ॲव्हरेज आपल्याच हातात: वेग थोडा कमी, पेट्रोलची बचत



खत, औषध, मजुरी यांचा हिशोब आपण वहीत लिहितो. पण शेत, डेअरी, तालुका, मार्केट यार्ड अशा रोजच्या फेऱ्यांचं पेट्रोल खर्चात धरतच नाही. आज त्याबद्दल थोडं.

*वेग वाढला की पेट्रोल का वाढतं?*
कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन वाऱ्याच्या तोंडाला चाललं की पाय जड होतात ना? गाडीचंही तसंच. वेग ५० वरून ७० केला तर तो दीडपटही होत नाही, पण वाऱ्याचा अडथळा जवळजवळ दुप्पट होतो. तेवढा जोर इंजिन पेट्रोल जाळूनच काढतं. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन असतील तर वारा आणखी अडतो.

*मग अगदी हळू चालवायची का?*
तेही नको. दुसऱ्या गियरमध्ये २० ने ओढत नेली तर तेवढ्याच अंतराला इंजिन जास्त फिरतं. टॉप गियरमध्ये फार हळू नेली तर धडधडतं. १०० ते १२५ सीसीच्या गाडीला टॉप गियरमध्ये एकसारखा ४० ते ५० चा वेग साधारणपणे परवडतो.

*वेळ किती वाचतो?*
२० किलोमीटरला ५० ने २४ मिनिटं, ७० ने १७. फरक ७ मिनिटांचा. त्यात खड्डे, गतिरोधक, उसाच्या ट्रॉल्या. म्हणजे तेवढाही वाचत नाही. प्रत्येक ब्रेकला कमावलेला वेग वाया जातो.

*पैशात हिशोब*
समजा महिन्याला १२०० किलोमीटर फिरणं आहे. ॲव्हरेज ५० असेल तर २४ लिटर लागतं, ६० असेल तर २०. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला ४२०, वर्षाला ५,०४० रुपये. २६६.५० रुपयांच्या युरियाच्या १८ गोण्या झाल्या!

*आपल्या गाडीचं ॲव्हरेज असं काढा*
१. टाकी फुल करा, मीटरचा आकडा लिहा.
२. नेहमीसारखी २००-३०० किलोमीटर चालवा.
३. त्याच पंपावर पुन्हा फुल करा. झालेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा.
४. पुढची टाकी ४५-५० च्या वेगाने चालवा आणि दोन्ही आकडे ताडून बघा.

*हेही सांभाळा*
• गाडी थंड असताना आठवड्याला हवा तपासा. मागे ओझं असेल तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेली जास्तीची हवा भरा.
• चेन कोरडी किंवा ढिली ठेवू नका.
• मळणी-काढणीत धूळ फार, एअर फिल्टर लवकर बघा.
• अर्धा क्लच दाबून किंवा ब्रेकवर पाय ठेवून चालवू नका.
• बोलत उभं राहायचं असेल तर गाडी बंद करा.

दोन टाक्यांचे आकडे निघाले की याच नंबरवर पाठवा. डोक्यावर हेल्मेट मात्र प्रत्येक फेरीला असू द्या.

– आपला कृषी सल्लागार