फेरफार नोंदवही: इस्लापूरच्या जमिनीवरील बदलांचा मागोवा

फेरफार नोंदवही म्हणजे गावातील जमिनीच्या हक्कांत झालेल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद. सातबारा आजचा खातेदार सांगतो. तो कोणत्या व्यवहाराने खातेदार झाला आणि त्याला मंजुरी कोणी दिली, हे गाव नमुना ६, म्हणजे ही फेरफार नोंदवही, सांगते. डिरेक्टरी सर्व्हरवरही हीच विभागणी दिसते. तिथे वापरकर्त्यांची खाती आणि अधिकार मुख्य साठ्यात असतात, तर त्यांत कोणी, केव्हा, काय बदलले ते ऑडिट लॉगमध्ये उतरते.

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यातल्या इस्लापूरला हा इतिहास दोन राज्यांतून आला आहे. निजामाच्या हैदराबाद राज्यात इस्लापूर मंडळ आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होते. महसुली कागदांत उर्दू आणि फसली सन यांचा वापर होई. गावाचे दप्तर पटवाऱ्याच्या हाती असे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात सामील झाले. त्यानंतर हक्कनोंदींसाठी १३५८ फसलीचा, म्हणजे १९४८-४९ चा, विनियम आला. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात कोणत्या शेतावर कोणाचे नाव आहे ते नोंदले गेले. मराठवाडा आणि तेलंगणा या दोन्ही भागांत जमिनीचा जुना हक्क शोधताना आजही या पत्रकापर्यंत मागे जावे लागते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या कायद्यात बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळ, किनवट तालुका आणि राजुरा तालुका यांचा नावानिशी उल्लेख आहे. हे तिन्ही भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात आले. त्यामुळे इस्लापूरच्या एखाद्या जुन्या शेताचा माग काढणाऱ्याला जिल्हा, राज्य आणि लिपी यांतील बदलही ध्यानात घ्यावे लागतात.

आजची चौकट महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने घातली. ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. कलम १४९ प्रमाणे वारसा किंवा अन्य मार्गाने हक्क मिळालेल्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. नोंदणीकृत दस्ताला ही अट नाही. कलम १५० प्रमाणे तलाठी फेरफार नोंदवतो, त्याची प्रत चावडीवर लावतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत आली तर ती ६-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. नोंद प्रमाणित करण्याचे काम मात्र तलाठ्याचे नसून सहसा मंडळ अधिकाऱ्याचे असते.

नमुना ६ मध्ये चारच रकाने असतात: नोंदीचा अनुक्रमांक, मिळालेल्या हक्काचे स्वरूप, परिणाम झालेले भूमापन क्रमांक आणि तपासणी अधिकाऱ्याचा शेरा. सातबाऱ्यावर जुने नाव खोडून नाहीसे करत नाहीत. ते कंसात जाते आणि नव्या नावापाशी फेरफार क्रमांक वर्तुळात लिहिला जातो. कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते.

संगणकीकरणात हस्तलिखित सातबारे टंकित झाले आणि त्यासोबत चुकाही शिरल्या. त्या शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन झाले आणि लेखनप्रमाद कलम १५५ खाली दुरुस्त करण्यात आले. ई-फेरफार प्रणालीत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्ताची माहिती थेट तलाठ्याकडे पोचते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले.

डिरेक्टरी सर्व्हरवर लॉगची मांडणी करणाऱ्यालाही कागदी पद्धतीतील हेच नियम लागतात. ॲक्सेस लॉग कोणी काय विचारले ते लिहितो, एरर लॉग बिघाड लिहितो आणि ऑडिट लॉग बदल लिहितो. तिन्ही वेगळे ठेवावे लागतात. ओपनएलडॅप या डिरेक्टरी सर्व्हरमध्ये ऑडिट लॉगसाठी स्वतंत्र मॉड्यूल जोडावे लागते. ते जोडले नाही तर बदलांची अशी नोंद तयार होत नाही. लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवला, तर सर्व्हरचा प्रशासकही त्यात गुपचूप हात घालू शकत नाही. फाइल भरत जाऊन ठरावीक आकाराची झाली की ती बदलावी लागते आणि जुन्या फाइली किती काळ ठेवायच्या तेही ठरवावे लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातील संस्थांना लॉग १८० दिवस जपावे लागतात. जमिनीच्या वादात मात्र सत्तर वर्षांपूर्वीची नोंदही उपयोगी पडते.

म्हणूनच इस्लापूर परिसरात जमीन घेणाऱ्याने केवळ ताज्या सातबाऱ्यावर विसंबू नये. त्यावरील प्रत्येक फेरफाराची प्रत काढावी, प्रमाणित करणाऱ्याचा शेरा वाचावा आणि साखळी १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत जुळते का ते पाहावे.