हिरडा, भाताचा कोंडा आणि बुटीबोरीचा धागा

पॉलिएस्टर पेटते तसे वितळतेही. सुमारे २६० अंश सेल्सिअसला ते पातळ होते, जळते थेंब गळू लागतात आणि आग पडद्यावरून गालिच्यावर, गालिच्यावरून गादीवर पोहोचते. असा थेंब त्वचेवर पडला तर चिकटून बसतो. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रस्त्यावरच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत १९९० च्या दशकापासून इंडोरामाच्या कारखान्यात पॉलिएस्टरच्या चिप्स, तंतू आणि धागा तयार होतो. त्यामुळे धागा आगीला कसा तोंड देईल आणि कापडाच्या रंगाचे पाणी कसे गाळले जाईल, हे दोन्ही प्रश्न या वसाहतीच्या रोजच्या कामाशी निगडित आहेत. दोन्हींवर वनस्पतींतून मिळणारी रसायने उपयोगी पडू शकतात, आणि त्यांचा बराचसा कच्चा माल महाराष्ट्रातच आहे.

पदार्थ किती सहज जळतो ते मोजण्यासाठी मर्यादित ऑक्सिजन निर्देशांक वापरतात. एकदा पेटलेला पदार्थ जळत राहायला भोवतीच्या वायूत किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो, तो हा आकडा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. कापसाचा निर्देशांक १८, म्हणून सुती कापड भराभर जळते. पॉलिएस्टरचा २०-२२, लोकरीचा २५ च्या आसपास. निर्देशांक २७ च्या पुढे गेला की ज्योत बहुधा आपोआप विझते.

तो वाढवण्यासाठी अनेक वर्षे ब्रोमीनयुक्त रसायने वापरली गेली. ज्योतीतली साखळी प्रक्रिया ती तोडतात. पण त्यांतली कित्येक निसर्गात विघटित होत नाहीत आणि प्राण्यांच्या चरबीत साचत जातात. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन २०१३ मध्ये आणि डेकाब्रोमोडायफिनाइल ईथर २०१७ मध्ये आले. तेव्हापासून फॉस्फरसकडे लक्ष अधिक वळले. फॉस्फरसचे काम मुख्यतः घन पदार्थात चालते. तापल्यावर त्याचे आम्ल सेल्युलोजमधले पाणी काढून घेते आणि मागे कोळशाचा थर उरतो. हा थर उष्णता आत जाऊ देत नाही आणि जळणारा वायू बाहेर सोडत नाही.

बियांमध्ये फॉस्फरस साठतो तो फायटिक आम्लाच्या रूपात. त्याच्या एका रेणूत सहा फॉस्फेट गट असतात आणि वजनाचा सुमारे २८ टक्के भाग फॉस्फरसच असतो. भाताच्या दाण्यात हे आम्ल मुख्यतः कोंड्यात असते. भंडारा आणि गोंदिया हे भाताचे जिल्हे बुटीबोरीपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. तेल काढून उरलेला कोंडा पशुखाद्यात जातो, आणि कोंबड्यांना त्यातला हा फॉस्फरस नीट पचत नसल्याने खाद्यात वेगळे विकर मिसळावे लागते. म्हणजे फायटिक आम्ल काढून घेतले तरी खाद्याचे फारसे काही बिघडत नाही. विदर्भासाठी सगळ्यांत सोयीचा कच्चा माल हाच म्हणावा लागेल.

महाराष्ट्रात प्रत्यक्ष झालेले एक काम मात्र केळीवरचे आहे. मुंबईतील माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, म्हणजे १९२४ मध्ये सुरू झालेल्या 'सिरकॉट'मध्ये, २०१५ च्या सुमारास केळीच्या खांबाचा रस सुती कापडावर वापरून पाहण्यात आला. घड उतरवल्यावर खांब तोडून टाकला जातो. जळगावसारख्या केळीच्या जिल्ह्यात त्याचे ढीग बांधावर पडतात. कापडाला आधी टॅनिक आम्ल आणि तुरटी लावली, मग अल्कधर्मी केलेल्या रसात ते भिजवून वाळवले. निर्देशांक १८ वरून ३० पर्यंत गेला. आडव्या चाचणीत कापडाने ज्योत धरलीच नाही. धग मिनिटाला साडेसात मिलिमीटर या वेगाने पुढे सरकली, साध्या कापडाच्या जवळजवळ दहापट हळू. रसातले फॉस्फेट, क्लोराइड, सिलिकेट आणि पोटॅशियम-मॅग्नेशियमचे क्षार एकत्रितपणे हे घडवतात. फेकून दिलेल्या खांबातून इतके मिळावे, ही खरोखर मोलाची गोष्ट आहे.

अडचण धुण्याची आहे. पाण्यात विरघळणारे क्षार साबणाच्या धुलाईत निघून जातात. त्यामुळे अशी प्रक्रिया मंडपाचे कापड, नाट्यगृहाचे पडदे, तंबू अशा क्वचितच धुतल्या जाणाऱ्या कापडांना शोभते. पॉलिएस्टरच्या बाबतीत आणखी एक भिंत आड येते. त्याचा धागा सुमारे २८० अंशांवर वितळवून ओढतात, आणि त्या तापमानाच्या आधीच फायटिक आम्ल किंवा टॅनिन विघटित होऊ लागते. म्हणून ही द्रव्ये वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये न मिसळता तयार कापडावर थर देऊन लावावी लागतात. म्हणजेच या कामाची जागा धाग्याच्या कारखान्यात नसून फिनिशिंग खात्यात आहे.

रंगाचे पाणी गाळणाऱ्या मेम्ब्रेनच्या, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याच्या, कामात हे तापमानाचे बंधन उरत नाही, आणि वनस्पतिद्रव्ये तिथे अधिक सहज रुळतील असे वाटते. सांडपाणी गाळणारी पॉलिसल्फोनची मेम्ब्रेन पाण्याला फारशी जवळ करत नाही. तेल, रंग आणि जिवाणू मात्र तिला चटकन चिकटतात. छिद्रे बुजतात, पंपाचा दाब आणि विजेचे बिल वाढते. टॅनिनच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गटांची गर्दी असते. त्याचा थर दिला की पृष्ठभाग पाणी धरून ठेवू लागतो आणि मळ कमी बसतो. बाळगुटीतले मायफळ टॅनिक आम्लाने भरलेले असते, आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबे गोळा करतात त्या हिरड्यातही टॅनिन भरपूर असते. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, एकत्र करून काळा रंग व शाई बनवण्याची रीत जुनी आहे. लोह आणि टॅनिनच्या याच बंधातून जवळजवळ कोणत्याही पृष्ठभागावर सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा थर मिनिटभरात बसतो, हे मेलबर्नच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. त्यानंतर मेम्ब्रेनवर त्याचे प्रयोग वाढले.

काजूच्या टरफलातल्या तेलापासून मिळणारे कार्डानॉल वेगळ्या वाटेने कामी येते. ते थर म्हणून लावत नाहीत, बहुलकाच्या रेणूतच गुंफतात. त्याला १५ कार्बनांची लांब शेपटी असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रकाश वाडगावकर यांच्या गटाने कार्डानॉलपासून पॉलिइमाइड आणि पॉलिएस्टरसारखी बहुलके बनवली. शेपटीमुळे साखळ्या एकमेकींपासून दूर राहतात आणि एरवी हट्टी असलेले बहुलक द्रावकात विरघळते. द्रावण ओतून मेम्ब्रेन बनवायची तर ही विद्राव्यता लागतेच.

कारखान्यात या गोष्टी रुळायच्या तर आणखी दोन कसोट्या आहेत. झाड, हंगाम आणि जमीन बदलली की अर्काची रचना बदलते, तर गिरणीला प्रत्येक खेप सारखीच हवी असते. शिवाय मेम्ब्रेन ठरावीक काळाने कॉस्टिक सोडा, आम्ल आणि क्लोरीनने धुतली जाते. लोह-टॅनिनचा थर तीव्र आम्लात सुटतो आणि क्लोरीनने झिजतो. म्हणून थर रासायनिक बंधाने पक्का करणे किंवा धुलाईनंतर तो पुन्हा चढवणे, हे दोन मार्ग आहेत. दुसरा सोपा आहे, कारण हिरड्याचा अर्क आणि लोहाचा क्षार यांचे पाणी मेम्ब्रेनमधून फिरवले की नवा थर जागच्या जागी बसतो.