हॉटेलचं सॉफ्टवेअर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आठ-दहा खोल्यांच्या लॉजपासून साठ खोल्यांच्या रिसॉर्टपर्यंत आता सगळ्यांनाच बुकिंग, बिलं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर हवं असतं. घेताना मात्र बरेचसे निर्णय ऐकीव माहितीवर होतात आणि त्याची किंमत ऐन सीझनमध्ये मोजावी लागते.

सगळ्यात पक्का बसलेला समज म्हणजे सॉफ्टवेअर आलं की डबल बुकिंग बंद. मेकमायट्रिप, बुकिंग डॉट कॉम, अगोडा अशा साइट्सवर रिकाम्या खोल्यांचा आकडा एकाच वेळी बदलण्याचं काम ‘चॅनेल मॅनेजर’ करतो. तो मूळ पॅकेजमध्ये असतोच असं नाही. अनेकदा त्याचे पैसे वेगळे पडतात. तो असला तरी त्याला फक्त कॉम्प्युटरवर चढवलेलं बुकिंग दिसतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अलिबागच्या एखाद्या हॉटेलात एकच खोली उरलेली असते. पुण्याहून मालकाच्या मोबाइलवर फोन येतो, यूपीआयने अॅडव्हान्स जमा होतो, मालक मॅनेजरला सांगतो, मॅनेजर वहीत लिहितो आणि कॉम्प्युटरवर चढवायचं काम संध्याकाळवर टाकतो. दुपारी तीच खोली ऑनलाइन विकली जाते. म्हणून फोनवर बोलता बोलता मोबाइलवरूनच खोली ब्लॉक करता येते का, हे आधी बघा. आणि सॉफ्टवेअर सुरू होईल त्याच दिवशी बुकिंगची वही बंद करा. वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवलं, तर घोळ ठरलेला.

‘मोठ्या हॉटेलांत चालतं, मग आपल्याकडे चालेलच’ हाही असाच समज. बहुतेक सॉफ्टवेअर तारखेवर चालतात. रात्री ‘नाइट ऑडिट’ झालं की तारीख पुढे सरकते आणि भरलेल्या प्रत्येक खोलीवर एका दिवसाचं भाडं चढतं. पण शिर्डी, पंढरपूरसारख्या ठिकाणच्या लॉजवर ‘24 तास चेक-आउट’ची पाटी असते. पहाटे चारला आलेलं कुटुंब दर्शन उरकून रात्री अकराला निघालं, तर त्याचा एकच दिवस धरायचा. सॉफ्टवेअर त्याला आदल्या तारखेत धरून दोन दिवस लावत असेल, तर काउंटरवरच्या मुलाला रोज हाताने बिलं दुरुस्त करावी लागतात. कोकणात तर हिशेब खोलीवर नसतोच, माणशी असतो. चहा-नाश्ता आणि दोन जेवणं धरून एक दर, लहान मुलाला अर्धा, सुरमईच्या थाळीचे वेगळे. हे बसवता येत नसेल, तर बाकीची पन्नास फीचर्स काय कामाची? डेमोच्या वेळी कंपनीचा नमुना बघत बसू नका. आपल्याकडची गेल्या महिन्यातली सगळ्यात किचकट तीन बिलं पुढे ठेवा आणि समोर करून दाखवायला सांगा.

‘जीएसटीचं काय ते सॉफ्टवेअर बघून घेतं’ हा समज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर आहे, पण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. त्यावरच्या खोलीला 18 टक्के. 1 एप्रिल 2025 पासून आणखी एक नियम लागू आहे: आदल्या आर्थिक वर्षात एका जरी खोलीचं भाडं दिवसाला 7,500 च्या वर गेलं असेल, तर त्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला 5 ऐवजी 18 टक्के कर लागतो. आता मागणी वाढली की दर आपोआप चढवणारी सोय अनेक सॉफ्टवेअरमध्ये असते. तिने 31 डिसेंबरला एक खोली 8,200 ला विकली, तर त्या एका रात्रीपायी पुढचं अख्खं वर्ष मिसळ-थालीपीठाच्या बिलावरही 18 टक्के लावावे लागतील. म्हणून दराला वरची मर्यादा घालता येते का, हे विचाराच. जेवणासकट पॅकेज विकत असाल, तर खोलीची किंमत किती धरायची हे आधी सीएंकडून ठरवून घ्या.

क्लाउडवरचं सॉफ्टवेअर नेट गेलं की ठप्प होतं, ही भीती अर्धी खरी आहे. काउंटरवर दुसऱ्या कंपनीचं सिम आणि रोज रात्री उद्या येणाऱ्यांच्या यादीची एक प्रिंट, एवढ्यावर बरंच निभावतं. उलट सगळा हिशेब काउंटरवरच्या एकाच हार्ड डिस्कमध्ये ठेवणं जास्त जोखमीचं.

पैशांचंही तसंच. जाहिरातीतला महिन्याचा आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. चॅनेल मॅनेजर, दर बुकिंगमागचं शुल्क, स्टाफचं ट्रेनिंग, शिवाय वर्गणीवरचा 18 टक्के जीएसटी. तुमच्या सगळ्या खोल्या आणि रेस्टॉरंट 5 टक्क्यांत असतील, तर तोही परत मिळणार नाही.

आणि पाहुण्यांची माहिती सॉफ्टवेअरमध्ये गेली म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. परदेशी पाहुण्याची नोंद 24 तासांच्या आत सरकारी पोर्टलवर गेली नाही, तर जाब हॉटेललाच विचारला जातो. ओळखपत्रांच्या प्रती कोण बघू शकतं आणि त्या किती दिवस राहतात, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

दिवाळीच्या तोंडावर घाईत वर्षाचा करार करू नका. कोकणात असाल तर जून-जुलैत, गर्दी नसताना, महिनाभर खऱ्या पाहुण्यांवर चालवून बघा. आणि करार मोडला तर सगळा डेटा एक्सेलमध्ये परत मिळेल, हे सही करण्याआधी लेखी घ्या.