होडीच्या मशीनला पंखा कोणता बसवाल?



खाडीकाठी किंवा धरणाच्या फुगवट्याकाठी राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांचे घर एका तीरावर आणि शेत दुसऱ्या तीरावर असते. खताची पोती, भाताचे भारे, नारळ, आंब्याच्या पेट्या, सगळे होडीतून न्यायचे. त्यासाठी होडीच्या मागे पेट्रोलचे लहान मशीन लावतात. मग तक्रार सुरू होते, "माल भरला की मशीन ओढत नाही. मोठे घ्यावे का?" थांबा! आधी पंखा तपासा. बऱ्याचदा दोष मशीनचा नसतो, पंख्याचा असतो.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. समजा, ९ x १० असे लिहिले आहे. पहिला आकडा व्यासाचा, म्हणजे पंखा ९ इंच रुंद. दुसरा आकडा पीचचा. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो, तसेच हे. १० इंच पीचचा पंखा एका फेऱ्यात १० इंच पुढे जायला बघतो. पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे, ते मागे सरकते. म्हणून होडी प्रत्यक्षात त्याहून कमीच जाते आणि ओझे वाढले की आणखी कमी.

पीच म्हणजे ट्रॅक्टरचा गिअर समजा. नांगर जमिनीत घालून कोणी वरचा गिअर टाकत नाही. टाकलाच तर इंजिन कण्हते. होडीचेही तसेच आहे. जास्त पीच हलक्या, वेगाने पळणाऱ्या होडीला. कमी पीच ओझ्याच्या होडीला.

परीक्षा कशी करावी?

१. मशीनच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला किती फेरे पडावेत ते दिलेले असते. पुष्कळ मशीनांत ते ५००० ते ६००० असतात. आपल्या मशीनचा आकडा पाहून घ्या.

२. नेहमीइतका माल आणि माणसे घ्या. त्याहून जास्त नको. वारा व ओढ नसलेल्या, खोल पाण्यात होडी पूर्ण थ्रॉटलवर चालवा.

३. फेरे मोजा. प्लगच्या वायरीला गुंडाळायचे फेरे मोजण्याचे लहान मीटर मिळते. मेकॅनिककडेही ते असते.

४. फेरे कमी पडले तर कमी पीचचा पंखा घ्या. फेरे मर्यादेबाहेर गेले तर जास्त पीचचा घ्या. पीच एक इंच बदलला की साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. लहान पंख्यात थोडा जास्तही.

५. नवा पंखा बसवल्यावर रिकामी होडी चालवूनही पाहा. तेव्हाही फेरे वरच्या मर्यादेबाहेर जाता कामा नयेत.

फेरे कमी पडत असताना मशीन तसेच रेटले तर ते तापते, आत काजळी धरते, पेट्रोल वाया जाते आणि पिस्टनवर ताण येतो. पंखा बदलायला लागतो त्याच्या कितीतरी पट खर्च पुढे येतो.

मात्र फेरे एकदम वाढतात पण होडी पुढे सरकत नाही, असे झाले तर लगेच पंखा बदलू नका. पंख्यात हवा शिरत असेल. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या बरोबरीत किंवा इंचभर खाली हवी. मशीन उंच बसले असेल तर खाली घ्या.

कोणत्या धातूचा?

आपल्या खाड्यांत वाळूचे पट्टे आणि खडक फार. तेथे अॅल्युमिनियमचा पंखा बरा. तो स्वस्त असतो आणि थोडा वाकला तर दुरुस्त होतो. स्टीलचा पंखा टिकाऊ खरा, पण खडकावर आपटला तर तो वाकत नाही आणि धक्का आत गिअरला बसू शकतो. खरेदीला जाताना जुना पंखा बरोबर न्या. दांड्याचे दाते जुळले पाहिजेत.

एवढे विसरू नका

कित्येक लहान मशीनांत पंख्याला एक मऊ पिन असते. पंखा आपटला की ती तुटते आणि गिअर वाचतो. तिच्या जागी खिळा ठोकू नका! खिळा तुटणार नाही, गिअर तुटेल. दोन जादा पिना, पक्कड आणि वल्ही होडीत ठेवाच. पिन भर ओहोटीत तुटली तर होडी समुद्राकडे ओढली जाते, तेव्हा हाच आधार.

जाळ्याचा दोरा पंख्यामागे गुंडाळला असेल तर काढून टाका. तो आतले सील कापतो, मग गिअरच्या तेलात पाणी शिरते आणि तेल दुधाळ दिसू लागते. पंख्याला हात लावण्यापूर्वी मशीन बंद करून प्लगची वायर काढा.

तेव्हा बंधूंनो, मोठ्या मशीनसाठी कर्ज काढण्याआधी पंख्यावरचे दोन आकडे वाचा, माल भरून फेरे मोजा आणि मगच ठरवा.