राज्यपुष्पाला रस्त्यावर जागा हवी

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावरून गेले आणि आंबा-नारळाच्या बागांबरोबरच रस्त्यांकडेची असंख्य झाडे उन्मळून पडली. रोह्यानेही तो तडाखा सोसला. अशा वेळी बागांची चिंता प्रथम वाटावी हे साहजिकच. परंतु रस्त्यावर पुन्हा कोणते झाड लावावे, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो.

वास्तविक तो क्षुल्लक नाही. शोभेचे झाड म्हटले की गुलमोहोर, हे समीकरण गावोगावी रूढ झाले आहे. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष झपाट्याने वाढतो आणि ऐन वैशाखात डोळ्यांचे पारणे फेडतो, हे खरेच. पण त्याची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. कोकणातील वादळवाऱ्यापुढे त्याचा निभाव लागणे कठीण. मोकळ्या मैदानात त्याने अवश्य बहरावे. विजेच्या तारांखाली किंवा शाळेच्या वाटेवर त्याला उभे करणे मात्र शहाणपणाचे नव्हे.

मग पर्याय कोणता? तो दूर शोधावयास नको. कोकणातील नदी-ओढ्यांच्या काठी आपोआप वाढणारे तामण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. त्याचे लाकूड बळकट, आणि उन्हाळ्यात त्यावर जांभळ्या फुलांचे तुरे डोलतात. फाल्गुनात पांगारा, वैशाखात बहावा आणि बारमाही सावलीसाठी बकुळ, अशी योजना केली तर कुंडलिकेकाठच्या ह्या गावाला ऋतुमानाप्रमाणे रंग लाभेल.

रोह्याशी ज्यांचे नाव निगडित आहे, ते डॉ. चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून सर्वांना परिचित आहेत. केंब्रिजमध्ये १९१७ साली त्यांनी वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकाविले होते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असेल. त्यांच्या गावाने झाडांची निवड डोळसपणे करावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

१९७५ च्या कायद्याने नागरी भागातील विनापरवाना वृक्षतोडीस बंदी आहे. परंतु लावलेले झाड जगविणे हे केवळ कायद्याचे काम नव्हे. बहाव्याच्या बीचे कवच कठीण असते. ते घासून बी पेरण्याचा प्रयोग कोणत्याही शाळेला करता येईल. बुंध्याभोवती सिमेंट न ओतता हातभर माती मोकळी ठेवणे नगरपालिकेला अवघड नाही. पावसाळ्यात फोटोपुरते रोप लावून मार्गशीर्षात त्याला विसरण्याची रीत आता सोडली पाहिजे. ज्या फुलाला राज्याने मान दिला, त्याला गावच्या रस्त्यावर चार हात जागा देण्याइतके औदार्य नागरिकांना दाखविता येऊ नये काय?